फोंड्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर: लॉगिन अडकलं ते आरसिंकमुळे नव्हे

तुमची तक्रार थोडक्यात अशी: माझ्या लेखाप्रमाणे लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणारी सिस्टिम) /होम, म्हणजे सगळ्या खात्यांचे फोल्डर असतात ती जागा, डिस्कच्या वेगळ्या भागावर, पार्टिशनवर हलवलं, चवथीच्या सुट्टीत उबुंटू लिनक्स नव्यानं टाकलं, आणि आता पासवर्ड बरोबर असूनही स्क्रीन क्षणभर काळी होते नि पुन्हा लॉगिनवरच येते. बहिणीच्या खात्याचंही तेच. तेव्हा, तुम्ही म्हणता, फाइली कॉपी करायला आरसिंक या कमांडचा घोळ कशाला, कॉपीची साधी कमांड सीपी -आर पुरली असती. वर रूटला, म्हणजे सिस्टिमच्या पार्टिशनला, सांगितलेले ३० जीबीही अपुरे पडले.

खरी मेख तुम्हीच जाता जाता लिहिली आहे: 'या वेळी बहिणीचं खातं आधी केलं.' फाइलीवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, आकडा असतो. उबुंटू पहिल्या खात्याला १००० देतं, दुसऱ्याला १००१. पूर्वी १००० तुम्ही होता, आता बहीण आहे. म्हणजे तुमच्या फोल्डरची मालकी तिच्याकडे आणि तिच्याची तुमच्याकडे गेली. डेस्कटॉपला सुरू होताना होममध्ये लिहावं लागतं. ते जमलं नाही की तो मुकाट्यानं बाहेर काढतो.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर जा आणि बहिणीच्या खात्यानं लॉगिन करा, कारण पहिलं खातं तिचं, सुडो, म्हणजे व्यवस्थापकाचे अधिकार, तिच्याकडे. होम फोल्डर मिळत नाही अशी कुरकुर येईल, येऊ द्या. एलएस -एलएन /होम चालवलंत की आकड्यांची अदलाबदल डोळ्यांनी दिसेल. मग मालक बदलणारी ही कमांड:

सुडो चाउन -आर तुमचंखातं: /होम/तुमचंखातं

यातला आर कॅपिटल. नावापुढचा विसर्गासारखा कोलन गाळू नका, त्यानं ग्रुपही बदलतो. हेच बहिणीच्या फोल्डरला तिच्या नावानं. घाईत अख्ख्या /होमवर चालवलंत तर तिच्या फाइलीही तुमच्या होतील. तिथे लॉस्ट+फाउंड नावाचं फोल्डर दिसेल; ते ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमचं आहे, त्याला हात लावू नका.

सीपी -आर मात्र नकोच. रूट म्हणून, म्हणजे व्यवस्थापकाच्या खात्यानं, चालवलंत तर सगळ्या फाइली रूटच्या होतात, तारखाही आजच्या पडतात. मालक नि तारखा जपणारं सीपी -ए चालेल, हे मान्य. तरी आरसिंक सुचवलं ते पावसाळ्यामुळे. आपल्याकडे जुलैत वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीचा तर त्याहून नाही. आरसिंक आधी तात्पुरत्या नावानं लिहितं, फाइल पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं. वीज आली की तीच कमांड पुन्हा द्यायची, झालेलं सोडून ते पुढे जातं. फक्त उगमाच्या शेवटी तिरकी रेघ हवी, नाहीतर होमच्या आत आणखी एक होम तयार होतं.

३० जीबीबद्दल तुमचं बरोबर. स्नॅप आणि सिस्टिमभर टाकलेले फ्लॅटपॅक (दोन्ही अ‍ॅपची पॅकेजं) /व्हारमध्ये, म्हणजे रूटवरच बसतात. लेखात ६० करतो. होमच्या पार्टिशनवर ईएक्सटी४ ५ टक्के जागा रूट खात्यासाठी राखून ठेवतं, ५०० जीबीवर २५ जीबी. ट्यून२एफएस -एम १ ही कमांड दिल्यास त्यातली २० सुटते.

एक गोष्ट लेखात राहूनच गेली. नव्या इन्स्टॉलमध्ये रूट फॉरमॅट झालं की त्यावरची जुनी प्रतही जाते. म्हणून कॉपीनंतर, लाइव्ह यूएसबीवरच असताना, तीच आरसिंक कमांड -एन -सी -आय (काही न बदलता, मजकूर ताडून, फरक छापणं) जोडून पुन्हा चालवायची. एकही ओळ छापली नाही तरच इन्स्टॉलर उघडायचा, आणि त्यात होमच्या पार्टिशनसमोरची फॉरमॅटची खूण काढलेली आहे ना, ते पाहायचं.