नाशिक-पुणे किती लांब? आधी निघणार कधी ते सांगा

"नाशिकहून पुणे किती लांब आहे हो?" असं कोणी विचारलं की मुरलेला नाशिककर किलोमीटर सांगत बसत नाही. तो उलट विचारतो, "निघणार किती वाजता?"

नकाशावर पट्टी ठेवली तर हवाई अंतर साधारण 165 किलोमीटर. पुणे आपल्या जवळपास नाकासमोर दक्षिणेला आहे. रस्त्याने नाशिकचा द्वारका चौक ते पुण्याचं शिवाजीनगर 210 च्या आसपास. हे वरचे 45 किलोमीटर काही जाचत नाहीत. सिन्नर, संगमनेर, चंदनापुरीचा घाट, आळेफाटा, सगळा रस्ता आता चौपदरी. नारायणगाव, मंचर, खेड बाहेरूनच जातात (मसाला दूध हुकतं, ही माझी कायमची तक्रार). खेडपर्यंत गाणी ऐकत येतो माणूस.

मग चाकण. तळेगाव चौकाच्या अलीकडे गाडी थांबते ती थांबतेच. पुढे कंटेनर, बाजूला नव्या कोऱ्या गाड्या लादलेला ट्रेलर, मधल्या फटीतून कंपनीची बस तोंड घालतेय आणि दुचाकीवाले साइडपट्टीची धूळ उडवत पुढे. सिग्नल तीनदा हिरवा होतो, आपण दोन गाड्या सरकतो. त्यानंतर मोशी, भोसरी आहेतच. नाशिक फाटा आला की जीवात जीव येतो, पण तो फाटा पिंपरी-चिंचवडात; शिवाजीनगर अजून पुढेच.

आता नागपूर बघा. हवाई अंतर 565 च्या घरात, समृद्धी महामार्गाने सहाशेच्या आसपास. पुण्याच्या जवळपास तिप्पट. तरी सात-आठ तासांत माणूस पोचतो. पुण्याला वाईट दिवशी पाच-साडेपाच तास लागतात! मग जवळ कोण?

विमानाचं म्हणाल तर केंद्राच्या उडान या प्रादेशिक विमानसेवा योजनेत 2017 च्या डिसेंबरात 19 आसनी विमानाने नाशिक-पुणे सेवा सुरू झाली होती. ती टिकली नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. ओझरचा विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटर, तोही आग्रा रोडला, म्हणजे पुण्याच्या बरोबर उलट्या दिशेला. तासभर आधी पोचा, आणि लोहगावला उतरून कोथरूड गाठा. हवेत पाऊण तास, बाकी सगळं जमिनीवरच. दिल्ली-हैदराबादला ओझर उत्तम. पुण्यासाठी नाही.

खरा उपाय रेल्वे. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा 235 किलोमीटरचा सेमी हायस्पीड मार्ग ठरत होता, तो नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीपाशी अडला, कारण रेल्वेमुळे तिच्या निरीक्षणांत अडथळा येईल. दुर्बीण जपायलाच हवी, तिला नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण म्हणून गाडी शिर्डी, अहिल्यानगरला वळसा घालून न्यायची? मग संगमनेर, जुन्नर, चाकणच्या माणसाला तिचा उपयोग काय? दुर्बिणीपुरतं वळण घ्या आणि परत मूळ मार्गावर या.

नाशिक फाटा ते खेड आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली आहे. माझ्या मते आधी तोच उरका, कारण दुखणं नेमकं त्याच 30 किलोमीटरमध्ये आहे. तोवर पुण्याच्या लग्नाला निघताना पत्रिकेतला मुहूर्त बघून चाकणसाठी दीड तास वेगळा धरा. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली असेल तर आदल्या रात्रीच निघा.