फुटेल पेटी

परवा चाळीसगावात एका भंगारवाल्याकडे दीडशेचा कॅमेरा मला नऊशेला पडला. भाव दुकानदाराने वाढवला नाही. पंख्याखाली बसलेल्या एका बाबांनी वाढवला, आणि त्यांचा त्या दुकानाशी काडीचा संबंध नव्हता.

मला घडीचे जुने कॅमेरे जमवायचा नाद आहे. कूलरच्या गंजक्या पत्र्यांमागे आग्फा इझोलेट दिसला. जर्मन, १९५० च्या दशकातला. १२० नंबरच्या फिल्मचा रोल, त्यावर बारा चौकोनी फोटो. दुकानदाराने तो काट्यावर टाकला. अर्ध्या किलोच्या आसपास भरला. "ॲल्युमिनियम दिसतंय. द्या दीडशे." छाती धडधडत होती, पण चेहरा मी मयताला आल्यासारखा ठेवला.

आणि तिथेच गाढवपणा केला. बटण दाबलं. खटकन दार पडलं, भाता सरसरत पुढे आला. मिटवला, पुन्हा उघडला. मग तिसऱ्यांदा.

"हाई काय शे भो?"

डोक्यावर टोपी, मांडीवर भरताच्या वांग्यांची पिशवी.

"कॅमेरा आहे, बाबा."

"पेटी शे."

"नाही, कॅमेरा."

"मंग भाता कसाले?"

प्रश्न रास्त होता, म्हणून मी उत्तर द्यायला बसलो. काच आणि फिल्म यांच्यात चारेक बोटं अंतर लागतं, आणि खिशात ठेवायचा तर ते अंतर मिटवता आलं पाहिजे, वगैरे. बाबांनी ऐकता ऐकता कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला, कानाला लावला आणि अंगठ्याने भाता दाबला. माझ्या पोटात गोळा. भाता वाजला नाही.

"फुटेल शे," म्हणजे फुटलेली आहे, असा बाबांनी निकाल दिला.

"तो वाजत नसतो!"

"याले सेल कोठे टाकतस?"

"सेल लागत नाही."

"सेल नही, वाजस नही. मंग तुले कसाले जोयजे?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता दुकानदाराकडे वळून, "भाऊ, हाऊ तीन येळा उघाडी उघाडी देखी ऱ्हायना. काहीतरी शे त्यामा."

दुकानदाराने मोबाइल काढला. पुढचं सांगत नाही. नऊशे.

ज्या गावात केकी मूससारखे छायाचित्रकार राहिले, टेबलावर छोट्या वस्तू मांडून देखावे टिपायची टेबलटॉप फोटोग्राफी करत बसले, त्या गावात कॅमेऱ्याला पेटी म्हणावं! अर्थात बाबांना काय बोलायचं? आमच्या घरातसुद्धा त्या कपाटाला 'भंगार' असंच नाव आहे. आणि खरं सांगायचं तर या नादाने मीही टेकीला आलोय. रोल मुंबईहून मागवा, धुवायला परत मुंबईला पाठवा, कुरिअरचे वेगळे, आणि बारातले चार फोटो धुरकट. हौशी माणूस दिसला की जो तो त्याच्या खिशात हात घालतो.

पैसे मोजून निघालो तर बाबा उठले. "मना एक फोटू काढ."

रोल नव्हता. ते सांगायचं त्राणही नव्हतं. बाबांनी टोपी नीट केली, वांग्यांची पिशवी खुर्चीमागे लपवली आणि असे ताठ उभे राहिले की दुकानदाराने आपण होऊन मागचं मोडकं टेबल बाजूला ओढलं. मी फोकसची कडी फिरवायला गेलो. हलेना. या आग्फांचं ग्रीस जुनं झालं की हिरवट डिंक होतं. तसाच खटका दाबला.

"कवय देशी?"

"पुढच्या आठवड्यात," मी म्हणालो. कशाला म्हणालो?

रात्री दिवे घालवून भात्यात टॉर्च घातला. चारी कोपऱ्यांत बारीक भोकं, अख्खी कृत्तिका. फुटेल शे. आग्फाचे भाते कोपऱ्यात फुटतात हे मला ठाऊक असतं, तरी एका भोकाचा आकार बाबांच्या नखाएवढा आहे असा माझा दाट संशय आहे.

दुकानाच्या वरच्या फळीवर चामड्याची आणखी एक पिशवी लटकत होती. पट्टा आणि आकार बघता आत बहुतेक घडीचाच कॅमेरा. पण बाबा रोज दुपारी पंख्याखाली येऊन बसतात, असं दुकानदार म्हणाला. आणि आता फोटो आला का, म्हणून विचारतात.