लगाम हौशी हातात असला तरी

न्यूझीलंडमध्ये हार्नेस रेसिंगच्या दिवसभराच्या कार्यक्रमात अधूनमधून एक शर्यत हौशी ड्रायव्हरांची असते. घोडे तेच, ट्रॅक तोच, सल्की म्हणजे मागची दोन चाकांची हलकी गाडीही तीच. फक्त तिच्यावर बसलेल्या माणसाचे पोट या धंद्यावर नसते. आठवडाभर तो दुसरे काहीतरी काम करतो आणि शर्यत हाकल्याचे पैसे घेत नाही. तरीही शर्यत संपल्यावर स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी बोलावले की त्याला जावेच लागते. शेवटचे सातशे मीटर राहिले असताना बाहेर मोकळी वाट होती, मग आतच का बसून राहिलास, असे प्रश्न येतात. उत्तर पटले नाही तर शिक्षा होते आणि ती नावानिशी प्रसिद्ध होते.

हौसेखातर आलेल्या माणसाला डावपेच चुकले म्हणून शिक्षा करावी का, हा इथला जुना वाद आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: करावी. जाब व्यावसायिकाला विचारतात तितक्याच कडकपणे विचारावा, पण शिक्षेचे माप वेगळे ठेवावे. महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवरची चर्चा इथून वाचताना हे फार जाणवते. तिकडे शर्यत हवी की नको यावर दहा-बारा वर्षे भांडण झाले. गाडी कशी हाकली, याचा जाब कुणी कुणाला विचारला नाही.

आधी खेळाची रीत. हार्नेसमधला घोडा चौखूर उधळायचा नसतो. तो एकतर दुडक्या चालीने पळतो, नाहीतर एका बाजूचे पुढचे-मागचे पाय एकदम टाकत पळतो. दुसऱ्या प्रकाराला पेसर म्हणतात आणि चाल टिकावी म्हणून त्याच्या पायांत हॉपलचे पट्टे असतात. चाल मोडून घोडा चौखूर सुटला तर ड्रायव्हरने त्याला मोकळ्या जागेत काढायचे, आवरायचे आणि पुन्हा चालीवर आणायचे; उधळलेल्या अवस्थेत पुढे सरकून फायदा घ्यायचा नाही. त्यामुळे इथे नुसता वेग उपयोगाचा नाही. कुठल्या क्षणी किती वेग मागायचा हे ड्रायव्हरच्या हातात असते, आणि हौशी शर्यतीत नेमके तेच बिघडते.

सगळ्यात महाग चूक म्हणजे बाहेरच्या रांगेत, पुढे आडोसा नसताना अडकून पडणे. हिशेब सोपा आहे. ट्रॅकच्या एका पूर्ण फेरीत वळणे मिळून ३६० अंश होतात, म्हणजे कठड्यापासून प्रत्येक मीटर बाहेर राहिल्याबद्दल फेरीमागे ६.२८ मीटर जादा पळावे लागते. दोन सल्क्या शेजारी असल्या की दुसरी रांग साधारण दोन मीटर बाहेर येते. तिथल्या घोड्याला फेरीला साडेबारा मीटर जास्त, तिसऱ्या रांगेतल्याला पंचवीस. मैलाला १ मिनिट ५८ सेकंद अशा गतीने घोडा सेकंदाला साडेतेरा मीटरच्या आसपास जातो. म्हणजे दुसऱ्या रांगेतली एक फेरी जवळजवळ सेकंदभराने महाग पडते, आणि सेकंदभरात पाच घोडे-लांबींचे अंतर जाते. त्यात वाराही अंगावर. आघाडीच्या घोड्याला निदान आतली छोटी वाट मिळते. त्याच्या बाहेरच्या अंगाला पळणाऱ्याला तीही नाही आणि आडोसाही नाही. त्या जागेला इथे ‘डेथ’ म्हणतात. अनुभवी ड्रायव्हर तिथे सापडला तर दोनपैकी एक करतो: दाबून आघाडी घेतो, नाहीतर वेग जरासा सोडून कुणाच्या तरी मागे आडोशाला जातो. हौशी माणूस दोन्ही करत नाही. निर्णय न घेता तो तिथेच बसून राहतो.

दुसरी चूक सुरुवातीची. मोबाइल स्टार्टला फाटकाची गाडी पुढे पळत असते आणि घोडे तिच्या मागे वेग धरत जातात. फाटक मिटताच दोन हौशी ड्रायव्हर आघाडीसाठी भिडले, कुणीच माघार घेईना, की पहिले चारशे मीटर सत्तावीस सेकंदांच्या आत जातात. मैलाला दोन मिनिटांच्या घोड्याचा बेताचा वेग चारशे मीटरला तीस सेकंद. सुरुवातीला उधळलेले ते तीन सेकंद शेवटच्या चारशे मीटरमध्ये व्याजासकट वसूल होतात. तोंडात फेस आलेले दोन्ही घोडे मागच्या टोळीत जाऊन पडतात. पैजेवाला शिव्या देतो हे एकवेळ सोडा. दमलेल्या घोड्याची चाल तुटते, तो बाजूला कलतो, आणि मागच्याचा पाय पुढच्याच्या चाकात जायला तेवढे पुरते.

तिसरा प्रकार त्याच्या उलट. आघाडी मिळाली की हौशी ड्रायव्हर घाबरून मध्येच वेग फार कमी करतो. मागचे आठ-नऊ घोडे एकमेकांवर येतात, लगाम ओढले जातात, तोंडे वर होतात, एखादा चाल मोडतो, कुणाच्या सल्कीचा टायर फुटतो. हे मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण याची किंमत चूक करणारा मोजत नाही, त्याच्या मागचे मोजतात.

मग बारीकसारीक. अनेक घोड्यांच्या कानांत बोळे असतात, त्यांची दोरी ड्रायव्हरजवळ असते. शेवटच्या सरळ पट्ट्यात दोरी ओढली की एकदम आवाज कानावर येऊन घोडा उसळतो. हौशी ड्रायव्हर ती ओढायलाच विसरतो. ॲडिंग्टनसारख्या ट्रॅकवर शेवटच्या सरळीत कठड्याच्या आत ‘पासिंग लेन’ उघडते, म्हणजे आघाडीच्या घोड्यामागे ‘ट्रेल’मध्ये बसलेल्याला आतून वाट मिळते. ती येणार हे माहीत असूनही काहीजण चारशे मीटर आधीच बाहेर काढायला धडपडतात आणि दुसऱ्याच्या पुढ्यात घुसतात. ऑकलंडच्या अलेक्झांड्रा पार्कला घोडे उजवीकडे वळत पळतात, क्राइस्टचर्चच्या ॲडिंग्टनला डावीकडे. वर्षाकाठी मोजक्या शर्यती हाकणाऱ्याला हा फरकसुद्धा हाताला जड जातो.

यातल्या कशाला शिक्षा करायची आणि कशाला नाही? न्यूझीलंडच्या हार्नेस नियमांत ८६८(२) आहे. घोड्याला जिंकण्याची किंवा शक्य तितका चांगला क्रमांक मिळवण्याची पूर्ण संधी मिळावी यासाठी ड्रायव्हरने सर्व वाजवी आणि नियमात बसणारे उपाय केले पाहिजेत, असा त्याचा आशय. ऑस्ट्रेलियात १४९(१) जवळजवळ हेच सांगतो. त्याला जोडून १४९(२) आहे: स्टुअर्डांच्या मते अस्वीकारार्ह ठरेल अशा रीतीने हाकायचे नाही. हे दुसरे कलम फार रुंद आहे. मला न्यूझीलंडची मांडणी अधिक न्याय्य वाटते, कारण ‘वाजवी उपाय’ कोणते होते हे तिथे दाखवून द्यावे लागते. स्टुअर्डांना नुसते आवडले नाही, एवढ्यावर भागत नाही.

मुद्दा हेतूचाही नाही. मुद्दाम घोडा मागे ठेवणे हा वेगळा आणि मोठा गुन्हा. इथे प्रामाणिकपणे हाकणाराही दोषी ठरू शकतो. फक्त चूक साध्या अंदाजाच्या चुकीपलीकडे, दोष देण्याजोगी असावी लागते. अर्ध्या सेकंदात निवड करायची होती, डावीकडे गेला, वाट उजवीकडे उघडली, तर ते नशीब. पण आठशे मीटर राहिले असताना बाहेरची वाट मोकळी, हाताखाली दमदार घोडा, पुढचा घोडा उघड उघड थकलेला, आणि हा मात्र तीनशे मीटर काही न करता त्याच्याच पाठीमागे बसला, तर हौशी आहे या सबबीने ते झाकता येत नाही.

तपास कसा होतो हेही सांगण्यासारखे आहे. समोरून आणि बाजूने घेतलेले चित्रण लावतात. चारशे-चारशे मीटरच्या वेळा काढतात. मग ड्रायव्हरला विचारतात की त्या क्षणी तुला काय दिसत होते, कोणते पर्याय होते, हाच का निवडलास, ट्रेनरने काय सांगितले होते. ट्रेनरचे सांगणे ही ढाल होत नाही, कारण परिस्थिती बदलली की निर्णय ड्रायव्हरचा. समाधान झाले नाही तर आरोप दाखल होतो आणि निवाडा स्टुअर्ड करत नाहीत, वेगळी समिती करते. १ जुलै २०२१ पासून हे काम रेसिंग इंटिग्रिटी बोर्डाच्या छत्राखाली चालते. त्याआधी तपास आणि निवाडा दोन वेगळ्या संस्थांकडे होते. निकाल कारणांसह लेखी येतो, त्यावर अपील करता येते. हा कारणांसह येणारा कागद मला शिक्षेपेक्षा मोलाचा वाटतो. पुढच्या हौशी ड्रायव्हरला यातून कुठे, किती मीटरवर, काय चुकले हे वाचून शिकता येते.

आता शिक्षेचे माप. इथे मी इथल्या सवयीशी सहमत नाही. दंड हौशी माणसासाठी कुचकामी आहे: पैसेवाल्याला तो लागत नाही आणि पगारदाराला नको इतका लागतो. दिवसांवर मोजलेले निलंबनही फसवे. महिन्यातून एकदा हाकणाऱ्याला दहा दिवसांची बंदी म्हणजे काहीच नाही. उलट बंदी शर्यतींच्या संख्येवर मोजली आणि व्यावसायिकाचाच आकडा लावला तर अन्याय होतो. समजा वीस शर्यतींची बंदी आहे. आठवड्याला दहा शर्यती हाकणारा दोन आठवड्यांत मोकळा. महिन्याला एक हाकणारा वीस महिने बाहेर. एकाच चुकीला इतकी तफावत असू नये. म्हणून बंदी हौशी शर्यतींच्या संख्येतच सांगावी, दोन किंवा तीन, आणि परत येण्याआधी अमुक इतक्या ट्रायल, म्हणजे सरावाच्या शर्यती, एखाद्या अनुभवी ड्रायव्हरच्या देखरेखीखाली हाकण्याची अट घालावी. डावपेचांची चूक असेल तर अट महत्त्वाची, बंदी दुय्यम. धोकादायक हाकण्याला, म्हणजे दुसऱ्याच्या पुढ्यात घुसणे किंवा अचानक वेग तोडणे याला, मात्र सवलत अजिबात नको. चाकात पाय अडकून पडणाऱ्या घोड्याला पुढचा माणूस हौशी होता की व्यावसायिक याने काही फरक पडत नाही.

‘इतकी कडक वागणूक दिली तर हौशी लोक येणारच नाहीत’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण लहान ट्रॅक त्यांच्या आणि त्यांच्या घोड्यांच्या जिवावर चालतात. पण अशा शर्यतींवरही लोक पैसे लावतात. आणि डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या सरकारने ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हापासून जनावरांच्या कुठल्याही खेळाला लोकांची परवानगी कायमची मिळालेली नाही हे सगळ्यांना कळले आहे.

महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती थांबवल्या, २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. कलेक्टरची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, काठी-चाबूक-शॉकला बंदी, हे सगळे आले आणि ते हवेच होते. पण त्यात मोडले तर फौजदारी, न मोडले तर काहीच नाही. मधली पायरीच नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जॉकीला स्टुअर्डांसमोर उभे राहावे लागते, ही पद्धत मुंबई-पुण्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तरी त्या मैदानाची सार्वजनिक चर्चा झाली ती जमिनीवरून.

पुणे जिल्ह्यातल्या घाटातल्या शर्यतीत गाडे एकामागून एक सुटतात आणि घड्याळाशी पळतात, तिथे दुसऱ्याच्या पुढ्यात घुसण्याचा प्रश्न फारसा येत नाही. सातारा-सांगलीकडच्या छकड्यांचे गट मात्र एकत्र सुटतात. तिथे शेजारच्या गाडीवर जाणे, चाक घासणे, दमलेली जोडी शेवटपर्यंत ताणत राहणे हे सगळे घडू शकते, आणि ड्रायव्हर बहुतेक हौशीच असतात. तिथल्या यात्रा कमिट्यांना न्यूझीलंडची यंत्रणा उचलून आणायची गरज नाही. सुरुवातीला आणि निशाणापाशी एकेक मोबाइल कॅमेरा तिवईवर, शर्यतीतले नसलेले तीन पंच, ड्रायव्हरचे म्हणणे ऐकून घेऊन त्याच दिवशी दिलेला चार ओळींचा लेखी निर्णय, आणि एक किंवा दोन मैदानांची बंदी, एवढ्याने काम सुरू होते. अडचण एकच येईल: निर्णयाची यादी तालुक्यातल्या सगळ्या कमिट्यांनी एकमेकांना कळवली आणि मानली पाहिजे, नाहीतर इथे बंदी घातलेला ड्रायव्हर पुढच्याच रविवारी शेजारच्या गावात कासरा धरून उभा असेल.