दीर्घिकांच्या त्या कमानी संगणकानं काढलेल्या नाहीत

दीर्घिकासमूहाचं नवं छायाचित्र आलं की त्यापाठोपाठ एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: चित्रातल्या वाकड्या कमानी ही संगणकाची करामत आहे. एकाच दीर्घिकेच्या तीन-चार प्रतिमा दिसतात, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. समूहाचं वस्तुमान आधी गृहीत धरायचं आणि त्यावरून ‘शोध’ लावायचे, असा हा खेळ आहे. आणि जेम्स वेबसारखी अवकाश दुर्बीण असताना गुरुत्वीय भिंग, म्हणजे मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वळवून त्यांना ताणलेलं आणि तेजस्वी दाखवणारं समूहाचं गुरुत्व, हवंच कशाला?

कमानींचं उत्तर सोपं आहे. एबेल 370 या समूहाच्या चित्रातली मोठी कमान 1980च्या दशकातच जमिनीवरच्या दुर्बिणींतून टिपली गेली. ती नेमकी काय आहे, यावर खगोलशास्त्रज्ञांतच वाद होता. 1988 मध्ये तिचा वर्णपट, म्हणजे रंगांत विभागलेला प्रकाश, मिळाला आणि तिची ताम्रसृती (प्रकाश लाल रंगाकडे किती सरकलाय ते; ती जितकी जास्त, तितकी दीर्घिका दूर) समूहाच्या जवळपास दुप्पट निघाली. म्हणजे ती समूहाच्या खूप मागे असलेली दीर्घिका होती. वेबच्या चित्रांतले रंग नंतर दिलेले असतात हे खरं, कारण अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. आकार मात्र कुणी काढत नाही.

एकाच वस्तूच्या अनेक प्रतिमा कशावरून? गुरुत्व प्रकाशाला वळवताना त्याचा रंग बघत नाही, त्यामुळे सगळ्या प्रतिमांची ताम्रसृती सारखीच यायला हवी. ती मोजून बघता येते आणि बघितली जाते.

खरा मुद्दा तिसरा आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. समूहातलं बहुतेक वस्तुमान दिसत नाही. ते कसं पसरलंय हे प्रतिमांच्या जागांवरून काढायचं आणि मग त्याच नकाशानं मागच्या दीर्घिकांचं वर्धन, म्हणजे त्यांचं तेज किती पट वाढलंय ते, ठरवायचं, हे ऐकताना गोल गोल फिरल्यासारखं वाटतं. पण नकाशाला भाकीत करायला लावता येतं. नोव्हेंबर 2014 मध्ये हबल अवकाश दुर्बिणीच्या चित्रांत एमएसीएस जे1149 या समूहामागे एकाच सुपरनोव्हाच्या, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाच्या, चार प्रतिमा सापडल्या. भिंगातून दिसणाऱ्या अशा स्फोटाची कल्पना 1964 मध्ये मांडणाऱ्या स्यूर रेफ्सडाल यांचं नाव त्याला दिलं गेलं. वेगवेगळ्या गटांनी आपापल्या नकाशांवरून गणित मांडलं: आणखी एक प्रतिमा अमुक जागी, साधारण वर्षभरानं उमटेल, कारण तिच्या प्रकाशाला वेगळ्या वाटेनं यायला जास्त वेळ लागतो. भाकितं आधीच प्रसिद्ध झाली होती, माघार घ्यायला जागा नव्हती. 11 डिसेंबर 2015 रोजी हबलला ती प्रतिमा दिसली. सगळ्या गटांच्या तारखा तंतोतंत जुळल्या नाहीत, त्यामुळे कुठला नकाशा कच्चा हेही कळलं. गृहीतच सिद्ध करणाऱ्या खेळात कुणी असं हरत नाही.

दुसरी परीक्षा अधिक कडक होती. संगणकात बनवलेले समूह नकाशे करणाऱ्यांना दिले गेले, खरं वस्तुमान लपवून. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्धन तिप्पट असेल तिथे सर्वोत्तम पद्धतींची चूक सुमारे 10 टक्के, दहापट असेल तिथे सुमारे 30 टक्के निघाली. तेव्हा ‘हजारो पटींनी वर्धित एकटा तारा’ अशा बातम्यांतल्या तेजाच्या आकड्याकडे जरा सावधच बघावं. दीर्घिकेचं अंतर मात्र ताम्रसृतीवरून ठरतं आणि भिंग तिला हात लावत नाही.

राहिली वेबची गोष्ट. अंधूक दीर्घिकेसाठी आकाशाच्या पार्श्वप्रकाशाशी झगडावं लागतं. तिथे भिंगानं प्रकाश दहापट वाढला, तर तेवढ्याच स्पष्टतेला लागणारा वेळ सुमारे शंभरावा भाग होतो. वेबचा 6.5 मीटरचा आरसा आणखी मोठा करता येत नाही, म्हणून तर 2022 मधल्या त्याच्या पहिल्या खोल चित्रासाठीही एक समूहच निवडला गेला. याची किंमतही मोजावी लागते: वर्धन जितकं जास्त, तितका मागच्या आकाशाचा दिसणारा तुकडा लहान. म्हणून समूह नसलेल्या आकाशाकडेही वेब तासन् तास रोखलेली असते. तिथे तुलनेनं तेजस्वी दीर्घिका मोजल्या जातात, समूहांमागे त्यांच्याहून कितीतरी मंद.