नवव्या दिवशीचा मध्यस्थ

जानेवारी २०१९ चा बेस्टचा संप आठवतोय? सुमारे ३२ हजार कर्मचारी बाहेर, आणि आम्ही कुर्ला स्टेशनाबाहेर शेअर रिक्षावाल्याच्या मनधरण्या करतोय. ८ तारखेला सुरू झालेला संप १६ ला मिटला, तोही उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रिबेलो यांना मध्यस्थ नेमल्यावर. नवव्या दिवशी जो मध्यस्थ दोघांनाही चालला, तो संपाच्या आधी का चालू नये?

मी एका सरकारी उपक्रमात युनियनच्या कमिटीवर होतो (नाव नको, पेन्शन चालू आहे). बोलणी फिसकटली तेव्हा मी म्हटलं, आपणच समेट अधिकाऱ्याकडे (कामगार-मालकांच्या वादात मध्यस्थी करणारा सरकारी अधिकारी) अर्ज करू. आमचे एक दादा उखडलेच. "म्हणजे आपली हवा गेली असं कळवायचं का त्यांना?" गंमत म्हणजे पलीकडे साहेबांनाही हीच भीती. शिवाय सार्वजनिक सेवेत समेटाची बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर ७ दिवस संप करता येत नाही, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासूनचं. त्यामुळे समेट म्हणजे संप लांबवायची युक्ती, हे आमच्या डोक्यात पक्कं.

शेवटी गेलो. समेट अधिकारी बाईंनी भाषण दिलं नाही. आमचं मागणीपत्र साहेबांपुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "यातल्या कुठल्या मागण्या तुमच्या सहीने होतात, तेवढ्यांवर खूण करा." अकरापैकी चारांवर खूण झाली. वर्षभर आम्ही ज्यांच्यावर ओरडत होतो, त्यांच्या हातात उरलेल्या सातांचं काहीच नव्हतं!

सरकारी वाटाघाटीचं दुखणं हेच. समोर बसलेल्याकडे तिजोरीची किल्ली नसते. बेस्टची मागणी होती अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा, तो निर्णय बेस्टच्या महाव्यवस्थापकाचा कसा असेल? एसटीच्या २०२१-२२ च्या संपातही मागणी विलीनीकरणाचीच, राज्य सरकारमध्ये. तिथे न्यायालयाच्या आदेशाने त्रिसदस्यीय समिती बसली, पण समितीचं काम अहवाल देणं. दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून "खरंच किती सोडाल?" असं विचारणारा माणूस वेगळा लागतो. पाच महिन्यांहून जास्त चालला तो संप. गावाकडच्या पोरांच्या शाळेचं काय झालं, ते ज्यांच्या गावाला फक्त एसटीच जाते त्यांना विचारा.

मध्यस्थाला निकाल देता येत नाही, मान्य. पण वित्त विभागाच्या माणसाला टेबलाशी आणा, हे तो सांगू शकतो. आमच्या बाईंनी तेच केलं. तिसऱ्या बैठकीला ते गृहस्थ फाईल घेऊन आले, तेव्हा कुठे आकडे बोलायला लागले. सगळं नाही मिळालं.

ते दादा आता दुसऱ्या युनियनवाल्यांना फोनवर सांगतात, "आधी समेटवाल्यांकडे जा रे. आणि फाईलवाल्याला बोलवायला सांग."