काचेतली बांधी

आमच्या भंडारा जिल्ह्यात पाण्यात रोप लावता येत नाही असा माणूस सापडलाच, तर तो बाहेरून बदली होऊन आलेला असतो. आषाढात अख्खं गाव गुडघाभर चिखलात वाकून रोवणा करतं. डाव्या हातात पऱ्ह्याची जुडी, उजव्या हाताचा अंगठा चिखलात आणि तोंड शेजारच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, भांडणात. हात थांबत नाही आणि तोंड तर नाहीच नाही. अशा गावातल्या, पिढ्यानपिढ्या धान लावणाऱ्या घरातल्या माणसाला माशांच्या दोन फुटी काचपेटीत पाण्यातल्या झाडांच्या चार काड्या उभ्या करता येईनात, ही बातमी पसरायला ग्रामपंचायतीच्या भोंग्याची गरज पडली नाही.

मला चिखल नको होता, एवढंच माझं म्हणणं. नागपूरच्या दुकानात विचारलं, तर त्यानं खाली पोषक माती, त्यावर दुसरी माती, त्यावर सजावटीची वाळू असा तीन मजली हिशेब मांडला. तेवढ्या पैशात डीएपी खताचं पोतं आलं असतं. शिवाय त्या मातीला एकदा हात लागला की पाणी असं गढूळ होतं की मासे आहेत की नाहीत हे श्रद्धेवर सोडावं लागतं. साध्या खड्यांत झाडं जगतात, झाडं तेवढी पाहून निवडावी, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आताही आहे.

खडे फुकट मिळाले. शेजारी घरकुलाचं काम चालू होतं. मिस्त्री रेती चाळत होता आणि चाळणीवर उरलेल्या खड्यांचा ढीग बाजूला पडला होता. मी घमेलं घेऊन गेलो.

"घेऊन जा ना भाऊ," मिस्त्री म्हणाला, "पण स्लॅबले चालत नाही हे."

"स्लॅब नाही, झाडं लावायची आहेत."

त्यानं मजुराकडे पाहिलं, मजुरानं त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचं दोघांनी मी गेल्यावर बोलून घेतलं असावं.

खडा 2 ते 4 मिलिमीटरचा हवा, म्हणजे बाजरीपासून मुगापर्यंत. त्याहून मोठा असेल तर माशांचं खाणं फटीत जाऊन सडतं आणि मुळांना धरायला काही राहत नाही. त्याहून बारीक असेल तर थर दाबून बसतो. मग आणखी एक परीक्षा असते. खड्यावर आंबट पिळायचं. बारीक बुडबुडे फसफसले तर तो चुनखडीचा, तो पाणी आणखी जड करतो. आमच्या बोअरचं पाणी आधीच असं की पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो, त्यात ही भर नको. म्हणून मी ओट्यावर खडे मांडून एकेकावर लिंबू पिळत बसलो. उन्हाळा तोंडावर, लिंबाचा भाव नगावर गेलेला. बायको दारात उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही. उरलेलं अर्धं लिंबू तेवढं उचलून घेऊन गेली.

मग धुणं. बादलीत खडे घ्यायचे, हात फिरवायचा, पाणी ओतायचं, पुन्हा पाणी. नितळ पाणी येईपर्यंत हेच. आईनं बराच वेळ सहन केलं.

"तांदूळ मी दोन पाण्यानं धुते," ती म्हणाली. "तू हे शिजवून खाणार आहे का?"

झाडं दुकानातून आणली: व्हॅलिसनेरियाची जुडी, एक अमेझॉन स्वोर्ड आणि एक जावा फर्न. व्हॅलिसनेरियाची लांब फीत बोटावर गुंडाळून बायको म्हणाली, "हे तर आपल्या मामा तलावात आहे."

आहे. नुसतं आहे नाही, पायात अडकतं एवढं आहे. कोहळी या शेतकरी समाजानं बांधलेल्या आमच्या माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलावांत व्हॅलिसनेरियाही आहे आणि हायड्रिलाही. दोघांनाही मी शाळेपासून ओळखतो. व्हॅलिसनेरियाचं मादीफूल लांब देठावर वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागावर थांबतं आणि नरफुलं सुटी होऊन तरंगत त्याच्यापर्यंत पोचतात, हे मी बारावीला पाठ केलं होतं. हायड्रिला तर त्याच्याही आधी भेटलेला. चंचुपात्रात हायड्रिला, त्यावर पालथं नरसाळं, नरसाळ्यावर परीक्षानळी आणि तिच्यात जमणारा ऑक्सिजन. ही आकृती काढून मी गुण मिळवले आहेत. त्या बिचाऱ्या झाडावर नरसाळं पालथं का घातलं असावं, याचं खरं कारण मात्र मला काचपेटीसमोर बसल्यावर कळलं. ते झाड एरवी वर येतं.

पाण्यातल्या झाडाच्या अंगात हवा असते. तुम्ही दोन बोटांत मूळ धरता, खड्यांत खुपसता, बाजूचे खडे सारून बुड झाकता. सगळं छान दिसतं. मग बोटं बाहेर काढता आणि बोटांबरोबर झाडही येतं. चिखल मूळ धरून ठेवतो. खड्यांना तेवढी माया नाही, ते गडगडत बाजूला होतात. एक रोप लावायला गेलं की शेजारचं उपटतं, ते दाबायला गेलं की पहिलं सुटतं, आणि बाही खांद्यापर्यंत ओली होते. मागे बाबा उभे.

"अंगठ्यानं दाब बे!"

"बाबा, हा चिखल नाही."

"तं मग चिखल काहून नाही केला?"

यावर इलाज असा: मुळं कात्रीनं छाटून बोटभर ठेवायची, रोप तिरकं आणि जरा जास्तच खोल घालायचं, मग हळूच वर ओढायचं, बुडख्याचा पांढरा भाग खड्यांच्या वर दिसेपर्यंत. तो पुरला की झाड सडतं. थर दोन इंचांचा तरी हवा. हे जमायला लागलं आणि त्याच आठवड्यात साळा दोन गोल्डफिश घेऊन आला.

गोल्डफिश दिसायला सालस. पण ती खडा तोंडात घेते, चघळते, त्याला लागलेलं काहीबाही खाते आणि खडा थुंकते. रात्री सगळं सामसूम झालं की काचेवर टक्, टक् असा आवाज यायचा. सकाळी व्हॅलिसनेरियाची सगळी ओळ पाण्यावर आडवी. उरलेली कोवळी पानं तिनं खाल्लेली, म्हणजे उपटणी आणि चराई एकाच खात्यात. मी दोन्ही मासे साळ्याला परत केले. त्याच्या टाकीत प्लास्टिकचा माड आहे, तो कितीही वेळा उपटला तरी त्याची वाढ खुंटत नाही. माझ्याकडे गप्पी आल्या.

जावा फर्नचं प्रकरण वेगळं. त्याचं जाड खोड आडवं वाढतं आणि ते पुरायचं नसतं. दगडाला दोऱ्यानं बांधून ठेवायचं, झाड आपोआप दगड धरतं. मी तसंच बांधून ठेवलं होतं. बाजारातून परत येतो तर दगड पेटीबाहेर, दोरा गुंडाळून खिळ्याला, आणि फर्न खड्यांत ताठ उभा.

"मुळी उघडी पडली होती," बाबा म्हणाले, "दाबून देल्ली."

इतकी देखणी लावणी माझ्या हातून कधी झाली नाही. फर्न खोडापासून काळा पडत गेला.

अमेझॉन स्वोर्डनं आल्या आल्या सगळी पानं गाळली. दुकानातली ही झाडं बहुतेक पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात आल्यावर जुनी पानं वितळतात आणि पाण्यातली नवी येतात. नवी आलीही. मग खालची पिवळी पडायला लागली. बाबांनी चष्मा लावून पाहिलं, गोठ्याकडे गेले आणि मूठ झाकून परत आले.

"मुठीत काय आहे?"

"चिमूटभर युरिया. धान पिवळा पडला तं का करतो आपन?"

युरियात 46 टक्के नत्र असतं, आणि पाण्यात तो फुटून अमोनिया होतो. चिखलात ठीक आहे, पण पन्नासेक लिटरच्या पेटीत गप्पींचं काय होईल हे मी त्यांना समजावलं. त्यांनी मूठ परत नेली, पण निदान बदललं नाही. गंमत म्हणजे निदान बरोबर होतं. खालची जुनी पानं पिवळी म्हणजे नत्र कमी, वरची कोवळी पिवळी म्हणजे लोह कमी. धानाला आणि स्वोर्डला एकच नियम. पेटीत मासे थोडे, त्यांची घाण थोडी, खड्यांत स्वतःचं सत्त्व काहीच नाही. ही तूट गप्पींनी कोणाला न विचारता भरून काढली. त्या अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात.

स्वोर्ड मुळानं खाणारं झाड, म्हणून त्याच्यासाठी मी मुळाशी पुरायच्या गोळ्याही आणल्या. पाकीट उघडताच बाबांचा चेहरा उजळला.

"हे तं ब्रिकेट!"

चारसूत्री पद्धतीनं धान लावला होता तेव्हा दर चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्यांच्या, मधोमध युरिया-डीएपीची दाबून केलेली गोळी, म्हणजे ब्रिकेट, त्यांनी स्वतः खोचली आहे, 7 ते 10 सेंटिमीटर खोल. खत वर फेकलं तर पाण्याबरोबर जातं, मुळाशी पुरलं तर झाडाला मिळतं. दुकानदारानं मला हेच ज्ञान चकचकीत पाकिटात घालून विकलं होतं. त्या दिवसापासून गोळ्या खोचायचं खातं बाबांकडे. शेतातल्या ब्रिकेटचं उरलेलं पोतं मात्र मी कुलपात ठेवलं आहे.

आईचं मत उन्हाचं. झाड म्हटलं की ऊन. मी नसताना पेटीवरचा पडदा सरकायचा, आणि पाहुणे आले की दिवा लागायचा तो रात्री निजेपर्यंत. झाडांना सहा ते आठ तास उजेड पुरे, त्यापुढचा सगळा शेवाळाला पावतो. काच हिरवी झाली, मग खडे, मग पाणी. आईला ते फार आवडलं. "पाय, कसं हिरवंगार झालं!" त्यात माझं एकही झाड दिसत नव्हतं, ही बाब तिच्या लेखी किरकोळ होती.

आणि मे महिना. 45 अंशांत आमच्याकडे माणसाची जागा कुलरपासूनच्या अंतरावर ठरते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, मासे वर येऊन तोंडं उघडतात, म्हणून मी पेटी कुलरच्या वाऱ्यात आणली. घरात त्यावरून जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. लाईन गेली की मात्र सगळे एकाच पायरीवर. पाणी आटायचं, मी बोअरचं ओतायचो, काचेवर पांढरी रेघ चढत जायची. व्हॅलिसनेरियाला जड पाणी मानवतं. घरात त्या महिन्यात खूश असलेली ती एकटीच.

शेवटी तलावाचा ठेका असलेल्या मच्छीमार सोसायटीतले एक काका शिंगाड्याच्या हिशेबासाठी आले. पेटीसमोर उकिडवे बसले. चिमटा, दोरा, गोळ्या, सगळं नीट पाहिलं. दुसऱ्या दिवशी ओल्या गोणपाटात हायड्रिलाचा झुबका घेऊन हजर.

"कसा लावायचा, काका?"

"ह्याले लावा लागत नाही, दादा. ह्याले उपटा लागते."

त्यांनी तो वरूनच पेटीत टाकला आणि चहा घेऊन गेले. आता पेटीत हायड्रिलाच आहे. शेवाळाचं खाणं त्यानं खाल्लं, पाणी नितळ झालं, आणि मधल्या जागेत स्वोर्डची दोन पानं वाट काढत उभी आहेत. पाहुणे विचारतात मासे कुठे आहेत, तेव्हा खाणं टाकून दाखवावे लागतात. बाबांच्या मते निंदणाची वेळ झाली आहे. बाया लावाव्या लागतील म्हणाले, आणि यंदाची मजुरी किती हेही सांगितलं. आई म्हणते, एवढुशा बांधीसाठी बाया यायच्या नाहीत, ठेक्यानं द्या.