‘गृहपाठ करून लिहा’ म्हणणाऱ्या वाचकांना

सप्रेम नमस्कार,

ऑनलाइन खरेदीतल्या जीएसटीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "1,180 रुपयांच्या मिक्सरवर 18 टक्के कर 180 कसा? 212 रुपये 40 पैसे होतात, चौथीतलं पोरही सांगेल. शर्टाचा 12 टक्के दर जुना आहे. आणि कार्डावर बँक देते त्या सवलतीने कर कमी होत नाही. गृहपाठ करून लिहा."

चूक दाखवायला माझी हरकत नसते. पण ‘चौथीतलं पोर’, ‘गृहपाठ’ ही भाषा कशासाठी? साताऱ्यात आमचं भांड्यांचं दुकान होतं. अकरावीपासून तिथला रोजमेळ मी लिहायचे. एप्रिल 2005 मध्ये विक्रीकर जाऊन व्हॅट आला तेव्हा बाबांच्या शेजारी बसून नव्या पद्धतीची बिलं मीच फाडली. 30 जून 2017 च्या रात्री, जीएसटीच्या आदल्या दिवशी, शिल्लक माल मोजत आम्ही दोन वाजेपर्यंत जागे होतो. आणि तुम्ही मला गृहपाठ सांगता!

आता तुमचे 212 रुपये. एमआरपीत सगळे कर आधीच धरलेले असतात, खोक्यावर तसं छापलेलं असतं. त्यामुळे 1,180 चे 18 टक्के काढायचेच नसतात. मूळ किंमत 100 असली तर करासकट 118 होते, म्हणून 1,180 ला 118 ने भागायचं आणि 18 ने गुणायचं. कर 180, मूळ किंमत 1,000. तुमच्या हिशोबाने मूळ किंमत 967.60 येते. तिच्यावर 18 टक्के लावून 1,180 करून दाखवा. 1,141.77 च्या पुढे जाणार नाही.

विक्रेत्याने बिलातच 10 टक्के सूट दाखवली तर द्यायचे 1,062, त्यात कर 162. सूट आधी वजा होते, कर उरलेल्यावर. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम 15 हेच सांगतं. हे सगळं लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही.

शर्टाचं मान्य. 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांचा टप्पाच गेला, 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यांना 5 टक्के लागतात. दुरुस्त केलंय. तेवढ्यावरून अख्खा लेख रद्दीत जात नाही.

कार्डावरच्या सवलतीचं म्हणाल तर तो फाटा वेगळा. लेख विक्रेत्याच्या बिलावर होता. एका ओळीत मी दोन्ही सवलती एकत्र लिहिल्या, पण आशय कुणालाही कळेल. त्यावर इथे वाद नको.

इथे पहिल्यांदाच बिल तपासायला शिकणारी माणसं येतात. तुमचा 212 चा आकडा वाचून ती दुकानदाराशी भांडतील, म्हणून तो तुम्ही स्वतः काढून टाका. ‘चौथीतलं पोर’ही काढा. त्या सुरात बाबांनी आम्हाला गिऱ्हाइकाशी कधी बोलू दिलं नाही, गिऱ्हाईक चुकत असलं तरी.